पाच आठवड्यांची पिल्ले आत्ताच मागणाऱ्यांना थोपवावे कसे?

प्रश्न (गुहागर तालुका)

नमस्कार. गुहागर तालुक्यात समुद्रापासून थोडे आत आमचे घर आणि आंबा-काजूची बाग आहे. घरी लॅब्राडॉर जातीच्या दोन माद्या आहेत. वर्षभरात फार तर एकीचे वेत घ्यायचे, पिल्ले पडवीत माणसांच्या वावरातच वाढवायची आणि घर पाहूनच द्यायची, असा आमचा शिरस्ता आहे. थोरली मादी यंदा आषाढी एकादशीला ऐन पावसात व्यायली. सात पिल्ले झाली, चार माद्या आणि तीन नर, आणि सातही सुखरूप आहेत. नारळी पौर्णिमा नुकतीच झाली, म्हणजे आज त्यांना पाच आठवडे पूर्ण झाले.

सकाळी पडवीचे दार उघडले की सहा पिल्ले आडव्या फळीवर पुढचे पाय टेकून उभी राहतात आणि शेपटीबरोबर सगळे अंग हलवतात. सातवी, आकाराने सर्वांत लहान असलेली मादी, मागे बसून राहते आणि बाकीच्यांनी ताटलीतून तोंडे काढल्यावरच पुढे येते. तिच्या बेंबीपाशी हरभऱ्याएवढा मऊ फुगवटा आहे. बोटाने हलके दाबला की आत जातो. गेल्या आठवड्यापासून त्यांना भिजवलेले पपी फूड सुरू केले आहे आणि घरातल्या मोठ्यांच्या आग्रहास्तव त्यावर थोडे गाईचे दूधही घातले जाते. दोन पिल्लांना अधूनमधून पातळ होते. पावसामुळे अंथरुणाचे कपडे वाळत नाहीत, पडवीची शेणाने सारवलेली जमीन ओलसर राहते, आणि किती फिनेल टाकले तरी वास जात नाही.

माझी खरी अडचण मात्र मागणाऱ्यांची आहे. शेजारच्या गावातल्या एका बागायतदारांना नर पिल्लू याच आठवड्यात हवे आहे. पिल्लू जितके लहान न्यावे तितका त्याला माणसाचा लळा लागतो, आणि गावठी पिल्ले महिन्याभरातच उचलून नेण्याची पद्धत इकडे पूर्वापार आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. पिल्लू बागेतल्या मांगरात (राखणीच्या झोपडीत) बांधून ठेवायचे आणि त्याने वानर-माकडांपासून राखण करायची, अशी त्यांची अपेक्षा आहे. मुंबईची तीन कुटुंबे गौरी-गणपतीला गावी येतील तेव्हा परतीच्या वाटेवर पिल्ले नेऊ म्हणतात. हिशेब केला तर आठ आठवडे नेमके पाच दिवसांच्या गणपतीच्या विसर्जनाच्या सुमारास पूर्ण होतात. सगळ्यांनाच नर हवा आहे. माद्यांना कोणी विचारत नाही. विसार देऊ केलेली माणसे ओळखीची असल्यामुळे स्पष्ट नाही म्हणणे जड जाते. पिल्ले नेमकी कधी द्यावीत, कोणाला देऊ नयेत, आणि तोपर्यंत या पावसात त्यांना कसे सांभाळावे, हे अनुभवी मंडळींनी सविस्तर सांगावे अशी विनंती आहे.

उत्तर (कुडाळहून, लॅब्राडॉर व कारवानी पाळणारे)

ताई, पिल्ले देण्याच्या वयाबद्दल संकोच बाळगण्याचे काही कारण नाही. श्वान प्रजनन व विक्रीसंबंधीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकताच येत नाही. ओळखीच्या माणसाला नाही म्हणणे जड जाते हे खरे. पण "नियमात बसत नाही" एवढे शांतपणे सांगितले की बहुतेकांचा आग्रह तिथेच थांबतो, आणि संबंधही बिघडत नाहीत. ज्यांचा आग्रह त्यानंतरही थांबत नाही, त्यांच्या घरी पिल्लू जाऊच नये असे माझे ठाम मत आहे, कारण तीन आठवडे थांबण्याइतका धीर ज्याच्याजवळ नाही तो पुढे पिल्लाने चपला कुरतडल्यावर आणि रात्रभर रडल्यावर धीर धरील असे मानायला आधार नाही.

नियम बाजूला ठेवला तरी पाचवा ते आठवा आठवडा हा पिल्लाने भावंडांत आणि आईजवळच काढायचा काळ आहे. या दिवसांत पिल्लू खेळताना जोरात चावले की समोरचे भावंड केकाटते आणि खेळ सोडून निघून जाते. दात लावून दूध ओढायला आलेल्या पिल्लाला आई गुरगुरून दूर करते. आपला दात किती जोरात लागतो हे त्याला यातूनच कळते, आणि माणसाला ते शिकवायला नंतर कित्येक महिने लागतात. लवकर उचललेली पिल्ले पुढे हात-पाय जोराने धरणारी, एकटे राहिले की घाबरणारी निघतात, हे मी माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या घरांत वारंवार पाहतो. लळ्याबद्दलही त्या बागायतदारांना निश्चिंत करा. माणसाशी जुळवून घेण्याचा पिल्लाचा काळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत असतो, त्यामुळे आठव्या-नवव्या आठवड्यात नेलेले पिल्लू नव्या घराचे व्हायला काहीही उणे राहत नाही.

मात्र याचा दुसरा अर्थ असा की त्या काळातला अर्धा भाग तुमच्या घरी जातो आणि त्या दिवसांची जबाबदारी तुमची आहे. रोज एकेका पिल्लाला थोडा वेळ भावंडांपासून वेगळे करून मांडीवर घ्या, पंजे, कान, तोंड हाताळा. कुकरची शिट्टी, मिक्सर, पत्र्यावरचा पाऊस, अंगणात चालू होणारी मोटारसायकल, समोर उघडलेली छत्री, रेनकोट घातलेला माणूस, रांगणारे मूल, हे सर्व त्यांच्या नजरेखालून व कानावरून जाऊ द्या. पण एका वेळी एकच, आणि पिल्लू दबकले तर लांबूनच. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून पिल्ले अंथरुणापासून दूर जाऊन शी-शू करू लागतात, तेव्हा झोपण्याची जागा एका टोकाला आणि वर्तमानपत्र घातलेली जागा दुसऱ्या टोकाला ठेवली, तर नव्या घरी गेल्यावर निम्मे काम झालेले असते.

गणपतीविषयी माझे मत कदाचित त्या तीन कुटुंबांना आवडणार नाही, पण विसर्जनाच्या दिवशी पिल्लू देऊ नका. वय भरले तरी ती वेळ चुकीची आहे. घर पाहुण्यांनी भरलेले असते, आरत्या, ढोल, फटाके चालू असतात, कोण पिल्लाला काय भरवतो यावर कोणाचे लक्ष नसते. आणि खिरापतीत बेदाणे-मनुका असतात, ज्या कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. त्यातच विसर्जनानंतर मुंबईकडे निघालेल्या गाड्यांची महामार्गावर जी रांग लागते, तिच्यात आठ आठवड्यांचे पिल्लू तासन्‌तास अडकवून ठेवणे हा त्याच्या आयुष्यातला पहिलाच प्रवास असू नये. गणपतीत त्यांनी घरी येऊन पिल्लू पाहावे, मुलांनी त्याच्याजवळ बसावे, आणि पंधरा दिवसांनी खास त्यासाठी यावे. खासगी बसच्या डिकीत खोक्यात घालून पिल्लू पाठवा, असे कोणी सुचवले तर तिथेच व्यवहार संपवावा. रेल्वेनेही गार्डच्या डब्यातल्या पेटीत एवढे लहान पिल्लू कधीच घालू नये. न्यायचेच तर वातानुकूलित पहिल्या वर्गाचा पूर्ण कुपे घेऊनच न्यावे. मोटारीने नेताना निघण्यापूर्वी दोन-तीन तास खायला देऊ नये, आणि वाटेतल्या धाब्याच्या अंगणात ते खाली उतरवू नये, कारण तिथे येऊन गेलेल्या कुत्र्यांचा रोग त्या मातीत असू शकतो.

आता बागायतदारांविषयी. त्यांना नाही म्हणा, आणि का नाही तेही सांगा. लॅब्राडॉर पाण्यात पडलेले पक्षी उचलून आणण्यासाठी तयार झालेली जात आहे. अनोळखी माणसाला पाहून शेपटी हलवणे हा तिचा स्वभाव आहे आणि मांगरात एकटे बांधलेले लॅब्राडॉर भुंकून-भुंकून किंवा गप्प होऊन खचते. वानरांचा हुप्प्या अंगावर आला तर त्याचे सुळे मोठ्या कुत्र्यालाही फाडतात. आणि आपल्याकडे बागेत रात्री साखळीने बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्यासाठी आयते भक्ष्य असते. हे त्या गृहस्थांनाही माहीत असणार. त्यांना राखणच हवी असेल तर निर्बीजीकरण व लसीकरण केलेली गावठी कुत्र्यांची जोडी पाळावी, दिवसा मोकळी ठेवावी आणि रात्री बंद खोलीत घ्यावी. गावठी कुत्रा इथल्या उकाड्याला, पावसाला आणि गोचिडांना आपल्या लॅब्राडॉरपेक्षा कितीतरी सहज तोंड देतो.

नरच हवा म्हणणाऱ्यांना कारण विचारले की बहुधा "माजावर आली की दारात कुत्रे जमतात आणि पिल्लांचे काय करायचे" हेच ऐकू येते. योग्य वयात अंडाशय व गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया केली की हा प्रश्न उरत नाही, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. मी मागणाऱ्याला नर की मादी हे निवडूच देत नाही. घरात लहान मुले आहेत का, दिवसभर कोण असते, वृद्ध माणसाला फिरवायला न्यायचे आहे का, हे विचारून सातव्या आठवड्यात कोणते पिल्लू त्या घराला योग्य आहे ते मी सांगतो. हे मान्य नसेल तर विसार परत. त्यामुळे माझ्याकडे माद्या मागे राहत नाहीत.

उत्तर (रत्नागिरी, निवृत्त पशुवैद्यक)

वरील उत्तराशी मी पूर्णपणे सहमत आहे. आरोग्याच्या अंगाने काही गोष्टी लिहितो. प्रत्यक्ष औषधाची मात्रा मात्र पिल्ले तपासणाऱ्या डॉक्टरांनीच वजनावरून ठरवावी.

गाईचे दूध आजच बंद करावे. कुत्रीच्या दुधात प्रथिने आणि स्निग्धांश गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक असतात आणि दुग्धशर्करा कमी असते. त्यामुळे गाईच्या दुधाने पोषण पुरेसे होत नाही आणि पातळ शौच मात्र होते. पपी फूड कोमट पाण्यात मऊ होईपर्यंत भिजवावे, दिवसातून चार वेळा थोडे थोडे द्यावे आणि उरलेले लगेच उचलावे, कारण आपल्या दमट हवेत ते काही तासांतच आंबते. तरीही पातळ होत असेल तर ताजी शौच एका स्वच्छ डबीत घेऊन तपासणीस न्यावी. या वयात आणि या ओलाव्यात गोल जंतांखेरीज कॉक्सिडिया या सूक्ष्म परजीवीचा प्रादुर्भाव नेहमी आढळतो, आणि जंतांच्या नेहमीच्या औषधाने तो बरा होत नाही. जंतांचे औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी, म्हणजे दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या आठवड्यात द्यायचे असते, आणि त्याच वेळी आईलाही द्यायचे असते. हा भाग पुष्कळ घरांत राहून जातो.

सर्वांत लहान मादीला स्वतंत्र ताटलीत, बाकीच्यांच्या आधी खायला द्यावे आणि रोज एकाच वेळी, खाण्यापूर्वी, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तिचे वजन करून लिहून ठेवावे. ती इतरांपेक्षा लहान असण्याने काही बिघडत नाही. तिचे स्वतःचे वजन रोज वाढते आहे की नाही, हे पाहायचे. एखादा दिवस वजन थांबले तर लक्ष ठेवावे, उतरले तर त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. बेंबीचा फुगवटा हा बेंबीचा हर्निया आहे. लहान आणि आत जाणारा हर्निया पुष्कळदा सहा महिन्यांच्या आत आपोआप बुजतो, न बुजल्यास निर्बीजीकरणाच्या वेळीच शिवता येतो. तो कडक झाला, दुखू लागला किंवा आत जाईनासा झाला तर मात्र थांबू नये. घेणाऱ्याला ही गोष्ट लेखी सांगावी, आणि या मादीपासून वेत घेऊ नये, कारण हा दोष बऱ्याचदा वंशाने येतो.

लसीकरणाबाबत घेणाऱ्यांच्या मनात एक गैरसमज पक्का असतो, तो म्हणजे एक टोचणी झाली की पिल्लू सुरक्षित झाले. पिल्लाला पहिल्या दिवशी आईच्या चिकातून जे संरक्षण मिळते, ते काही आठवड्यांत हळूहळू ओसरते आणि जोपर्यंत ते शिल्लक असते तोपर्यंत लसीलाही ते निष्प्रभ करते. कोणत्या पिल्लात ते कधी संपेल हे बाहेरून सांगता येत नाही. म्हणूनच डिस्टेंपर आणि पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूजन्य रोगांची लस सहा ते आठ आठवड्यांत सुरू करून दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत पुन्हा पुन्हा द्यावी लागते. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर. आपल्या किनारपट्टीवर लेप्टोस्पायरोसिसची लस ऐच्छिक मानू नये. भातखाचरे, उंदरांचे मूत्र आणि साचलेले पाणी यांमुळे हा आजार पावसाळ्यात माणसांतही दरवर्षी दिसतो, आणि आजारी कुत्र्याच्या लघवीतून घरातल्या माणसाला तो होऊ शकतो. पहिली मात्रा व काही आठवड्यांनी दुसरी, आणि पुढे दरवर्षी पाऊस सुरू होण्यापूर्वी एक, असा क्रम ठेवावा. पिल्लांचे खाणे रात्री उघडे ठेवू नये आणि पडवीत उंदीर येणार नाहीत याची व्यवस्था करावी, पण त्यासाठी विषाच्या वड्या मात्र मुळीच वापरू नयेत.

फिनेलवर विसंबू नये. पार्व्होचा विषाणू त्याने खात्रीने मरत नाही, आणि त्याच्या वाफेचा पिल्लांच्या त्वचेला व श्वासाला त्रास होतो. जागा आधी साबणाच्या पाण्याने घासून धुवावी, नंतर घरगुती ब्लीचचा एक भाग तीस भाग पाण्यात मिसळून ते दहा मिनिटे जमिनीवर राहू द्यावे, धुवून टाकावे आणि कोरडे झाल्यावरच पिल्ले आत सोडावीत. हे लादीवर, सिमेंटवर किंवा प्लास्टिकवर साधते. शेणाने सारवलेल्या जमिनीवर साधत नाही, कारण ती ओल शोषते आणि सेंद्रिय पदार्थाने ब्लीचची शक्ती जाते. म्हणून उरलेल्या दिवसांसाठी पिल्लांची जागा लादीवर हलवावी, किंवा जमिनीपासून उचललेला लाकडी फळ्यांचा तक्ता करून त्यावर धुता येईल असे जाड प्लास्टिक आणि वर वर्तमानपत्रे घालावीत. भाताचा पेंढा पावसाळ्यात बुरसतो, तो घालू नये. पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने तग धरतो, तेव्हा पिल्ले पाहायला येणाऱ्यांनी चपला बाहेर काढून, हात धुवूनच आत यावे. यात कोणाचाही अपमान नाही.

आईकडेही पाहावे. सात पिल्ले पाजणाऱ्या मादीच्या रक्तातील कॅल्शियम अचानक उतरण्याचा धोका व्याल्यापासून पहिला महिनाभर सर्वांत जास्त असतो, आणि ती अजून पाजत असेल तर तो पूर्णपणे गेलेला नाही. ती धापा टाकू लागली, अस्वस्थ होऊन फिरू लागली, पाय ताठ झाले किंवा अंग थरथरू लागले, तर पिल्ले तत्काळ बाजूला करून तिला दवाखान्यात न्यावे. ही शिरेतून कॅल्शियम देण्याची तातडीची वेळ असते आणि घरी गोळ्या देत बसल्यास तास हातचे जातात. पुढच्या वेळी गाभण असताना पौष्टिक म्हणून कॅल्शियम देत राहू नये, त्याने हा धोका उलट वाढतो.

नियमांचा उल्लेख आलाच आहे म्हणून पुरे सांगतो. त्याच २०१७ च्या नियमांनुसार विक्रीसाठी पिल्ले काढणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे आवश्यक आहे. मादी किमान अठरा महिन्यांची व निरोगी असावी, लागोपाठच्या दोन माजांत वेत घेऊ नये, बारा महिन्यांत एकाहून अधिक वेत नको, आयुष्यात पाचहून अधिक नको, आणि आठ वर्षांनंतर मुळीच नको. आपण घरगुती प्रमाणात हे काम करता, तरी नोंदणी राहिली असल्यास ती करून घ्यावी.

उत्तर (चिपळूण)

मी पिल्लू घेणाऱ्यांच्या बाजूने लिहिते. आमची लॅब्राडॉर मादी आम्ही दापोलीजवळच्या एका ताईंकडून नऊ आठवड्यांची असताना आणली. त्यांनी आम्हाला दोनदा परत पाठवले होते. एकदा वय भरले नव्हते म्हणून, आणि एकदा सासूबाई सोबत आल्या नव्हत्या म्हणून. दिवसभर घरी असणाऱ्या माणसाचा होकार मी प्रत्यक्ष ऐकल्याशिवाय पिल्लू देत नाही, असे त्या म्हणाल्या. त्या वेळी मला ते अती वाटले होते. आज ती मादी दुपारची सासूबाईंच्या खाटेखालीच झोपते.

पिल्लाबरोबर त्यांनी जे दिले ते सर्व उपयोगी पडले: लसींचे कार्ड, जंतांचे औषध कोणत्या तारखेला दिले आणि पुढचे कधी द्यायचे याचा कागद, आठवडाभर पुरेल एवढे तेच खाणे, आणि आईच्या अंगाखाली वापरलेला जुन्या सुती लुगड्याचा तुकडा. पहिल्या तीन रात्री ती त्या तुकड्यात तोंड खुपसूनच झोपली. कागदाच्या मागे त्यांनी आपल्या भागातले धोके लिहून दिले होते, आणि ते मला कोणत्याही पुस्तकात मिळाले नसते. मे महिन्यात अंगणात पडलेले आंब्याचे बाठे आणि फणसाच्या आठळ्या लॅब्राडॉर गिळते आणि त्या आतड्यात अडकतात. मोहोराच्या दिवसांत फवारणी झालेल्या कलमांखाली तिला सोडायचे नाही. रानात किंवा गडग्याच्या दगडांत तोंड घालू द्यायचे नाही, कारण तिथे फुरसे हा विषारी साप असतो. पावसात रोज कान कोरडे करायचे आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधायची, कारण गोचिडीतून ताप येतो. ताई, तुमच्या सातही पिल्लांबरोबर असा कागद द्या.

प्रश्नकर्ती (गुहागर तालुका)

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. गाईचे दूध बंद केले आहे. मागच्या खोलीतल्या लादीवर पिल्लांची जागा हलवली आहे आणि त्या बागायतदारांना नकार कळवला आहे. ते नाराज आहेत, पण गावठी जोडीचा विचार करू म्हणाले. मुंबईच्या तीनपैकी दोन कुटुंबांनी गणपतीनंतर वेगळे येण्याचे मान्य केले, तिसऱ्यांनी विसार परत मागितला आणि मी तो दिला. आता माझ्या मनात एकच शंका उरते. दिलेले पिल्लू वर्षाने परत आणून दिले, तर आपण काय करायचे? आणि ती लहान मादी कोणी घेतलीच नाही तर?

उत्तर (दापोली)

माझा अनुभव असा आहे की कुत्री परत येतात ती आठ ते चौदा महिन्यांच्या वयात. तोपर्यंत ती अंगाने मोठी होतात, शिस्त मात्र लागलेली नसते. शेजारी तक्रार करतात, भाड्याचे घर बदलते, नोकरी मुंबई-पुण्याला जाते, घरात बाळ येते. पिल्लाच्या गोंडसपणावर भाळून घेतलेल्या माणसाची खरी कसोटी त्या वयात लागते. म्हणून मी पिल्लू देतानाच लेखी घेते की कोणत्याही वयात, कोणत्याही कारणाने ठेवणे अशक्य झाले तर कुत्रा प्रथम मला कळवून मलाच परत करायचा. तिसऱ्याला द्यायचा नाही, विकायचा नाही, रस्त्यावर किंवा समुद्रकिनारी सोडायचा तर नाहीच. त्याच कागदावर माझ्या परवानगीशिवाय वेत घ्यायचे नाही आणि अमुक वयापर्यंत निर्बीजीकरण करायचे, असेही असते. मायक्रोचिपचा (कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या चकतीचा) क्रमांक कागदावर लिहिते, म्हणजे कुत्रा कुठेही सापडला तरी माग लागतो. कागदाने माणूस बदलत नाही हे खरे, पण सही करताना जो कुरकुरतो तो आधीच ओळखू येतो.

कागदापेक्षाही फोनचा उपयोग जास्त होतो. पहिल्या रात्रीनंतरच्या सकाळी, आठवड्याने, पुढच्या लसीच्या तारखेला, आणि मग सात-आठ महिन्यांच्या वयात आठवणीने मी स्वतः फोन करते, आणि "कसा आहे?" असे न विचारता "काय त्रास देतो?" असे विचारते. त्या प्रश्नाला माणसे खरे उत्तर देतात. साखळी ओढतो, पाहुण्यांवर उड्या मारतो, एकटा राहिला की दार ओरबाडतो, असे काही निघाले की तेव्हाच त्यावर उपाय सांगता येतो आणि परत आणण्यापर्यंत गोष्ट जात नाही.

तरीही परत आलाच, तर आणणाऱ्याला एका शब्दानेही दुखवू नये. परत करताना बोल ऐकावे लागतात अशी बातमी पसरली की पुढचा माणूस कुत्रा तुमच्या दारात आणण्याऐवजी घाटात सोडून येतो. आलेल्या कुत्र्याला दोन आठवडे घरातल्या कुत्र्यांपासून, आणि विशेषतः पिल्लांपासून, वेगळे ठेवावे, डॉक्टरांकडून तपासून घ्यावे, गोचीड-जंत काढावेत, राहिलेल्या लसी द्याव्यात. नव्या घरासाठी घाई करू नये. त्याला कशाची भीती वाटते, मुलांशी कसा वागतो, खाण्यावरून गुरगुरतो का, हे महिनाभर पाहून मगच खरे तेच सांगून द्यावा. मोठ्या कुत्र्याला घर मिळत नाही असे अजिबात नाही. निवृत्त होऊन गावी परतलेल्या जोडप्यांना पिल्लाची धावपळ झेपत नाही, त्यांना शांत, सवयी लागलेला मोठा कुत्रा हवा असतो, आणि अशी घरे आपल्याकडे गावोगाव आहेत.

त्या लहान मादीला आठ आठवडे झाले म्हणून काढून देण्याची गरज नाही. तिला तीन-साडेतीन महिन्यांपर्यंत ठेवा, बहुतेक लसी होऊ द्या, हर्निया बुजतो का ते दिसू द्या. तोपर्यंत भावंडे गेलेली असतील आणि ताटलीशी एकटी असल्यावर ती कशी उघडते तेही कळेल. मात्र त्या काळात तिला दोन्ही मोठ्या माद्यांबरोबर घरातच बसवून ठेवू नका. पहिल्या लसीनंतर कडेवर घेऊन दुकानात, शाळेच्या फाटकापाशी, एसटीच्या थांब्यावर न्या, म्हणजे तिचे शिकण्याचे आठवडे वाया जाणार नाहीत. तिच्यासाठी आणि परत येऊ शकणाऱ्या एखाद्यासाठी जागा, खर्च आणि वेळ आधीच बाजूला काढून ठेवावा लागतो. नियमाने मादीचे बारा महिन्यांत एक वेत घेता येते, पण या वेतातले एखादे पिल्लू तुमच्याकडे उरले असेल किंवा परत आलेले असेल, तर धाकट्या मादीचा पुढचा माज तसाच जाऊ द्या आणि मागणाऱ्यांना त्याच्या पुढच्या वर्षी या म्हणून सांगा.